अल्मुटा नावाचा ग्रह

७ मार्च १९२७, सोमवार

मी आकाशात गेले! — घरी आल्या आल्या आईला असंच सांगितलं, तर तिने हातातली सुई टाकून छातीवर क्रूस काढला. मी नाही गं, माझं नाव गेलं!

सकाळी साडेनऊला टामो वेधशाळेतल्या आमच्या हिशेबाच्या खोलीत आला. टोपी हातात, नजर खिडकीबाहेर. “फ्राउलाइन वाइडलिष, ऑक्टोबरात मला जो छोटा ग्रह सापडला होता, त्याला बर्लिनच्या ग्रह-कचेरीहून नंबर आला. आता नाव द्यायचं. मी ‘अल्मुटा’ लिहिलंय. तुमची हरकत नसेल तर.” एवढं बोलायला त्याला चार मिनिटं लागली. मी म्हटलं, “हरकत? डॉक्टर क्रोगमन, हरकत घ्यायला मला वेड लागलंय का?” तो हसला. म्हणजे मिशी जरा हलली. उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या माणसांचं हसू एवढंच असतं.

(तोंडावर डॉक्टर क्रोगमन, इथे टामो. इथे कोण बघतंय!)

नाव देण्याचा हक्क शोधणाऱ्याचा. अट एकच — नाव बाईचं हवं. पुरुषाचं द्यायचं असेल तर मागे ‘आ’ लावून त्याची बाई करायची. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या रस्त्यावर अशा हजारभर बाया फिरताहेत. आमच्या प्रोफेसर ओस्टरहाल्टांनी तर ताळच सोडलाय. दंतवैद्याची बायको, नगराध्यक्षांची बायको, डोंगरावर येणारी ट्राम, आलुबुखाराचा केक चांगला मिळतो ते दुकान, आणि गेल्या वर्षी कुत्रा! फ्लोक मेला, त्याची फ्लोका झाली. टामोचं तसं नाही. आठ वर्षं तो या वेधशाळेत दुर्बिणीवर आहे, चौदा ग्रह सापडले त्याला, आणि सगळ्यांची नावं त्याने प्रोफेसरांना ठेवायला दिली. हे पहिलं त्याने स्वतः ठेवलं.

पहिलं. आणि माझं.

८ मार्च, मंगळवार

आईचं म्हणणं — “दुसऱ्यांच्या मुलींना अंगठी मिळते. माझ्या मुलीला दगड मिळाला. तोही दिसत नाही!”

“दुर्बिणीतून दिसतो.”

“मग लग्नात पाहुण्यांना दुर्बिणी वाटायच्या का?”

“लग्नाचं कोण बोललंय?”

“तेच म्हणते मी. कोणीच बोलत नाही!”

पण दुपारपर्यंत दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिने सांगून झालं होतं. हातमोज्याचं माप घेता घेता सांगते. हात तिच्या हातात असतो, त्यामुळे कोणाला पळता येत नाही. संध्याकाळी नगराध्यक्षांची बायको आली. ग्रह किती तेजस्वी आहे म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, “दंतवैद्यांच्या बायकोहून मंद, पण तुमच्याहून लख्ख.” हातमोजे न घेताच गेली. आईने रात्रीच्या जेवणापर्यंत अबोला धरला.

१३ मार्च, रविवार

टामो जेवायला आला. आईने बटाट्याचे गोळे आणि मांस केलं. त्याच्यासाठी मुद्दाम चहा. आम्ही सगळे कॉफीवाले, हा एकटा चहा पितो — तळाशी खडीसाखर, वरून साय, आणि ढवळायचं नाही! ढवळलं की पाप. आईने तिन्ही गोष्टी लक्षात ठेवून बरोबर केल्या. म्हणजे तिला तो पसंत आहे.

नंतर नदीकाठी फिरलो. मी बोलत होते, तो ऐकत होता. आमचं असंच जमतं. मी म्हटलं, आता अल्मुटाची पक्की कक्षा मीच काढणार. तो म्हणाला, “त्याची काय घाई आहे? प्रोफेसरांचे तीन पडलेत, ते आधी करा.” मी म्हटलं, वा! माझाच ग्रह आणि मीच रांगेत मागे? भाबडा आहे. मला जास्त काम पडू नये असं वाटत असणार.

एकेचाळीस वर्षांचा आहे. मी एकोणतीस. चालतं.

२२ मार्च

हिशेबयंत्राचं हँडल फिरवून उजवा दंड दुखतोय, पण काय मजा येते! स्वतःचाच मागचा पत्ता शोधत निघाल्यासारखं वाटतं. आज अल्मुटा इथे आहे, तर गेल्या वर्षी कुठे होती? त्याच्या आधी? मागे जाताना गुरूची ओढ हिशेबात धरावी लागते. तो दांडगा आहे, जवळून जाणाऱ्या प्रत्येकीला थोडं खेचतो. ते खेचणं नीट मोजलं तरच गणित टिकतं. बाकीचे कंटाळतात. मी कंटाळत नाही.

सहा वर्षांत माझ्या गणितात बर्लिनने एकदाच चूक काढली. मी उलट टपाली विचारलं, पान सतरावर तुमचा स्वतःचा आकडा बघता का जरा? माफीचं कार्ड आलं. अजून आहे माझ्याकडे.

२९ मार्च

आकडे जुळताहेत. जुळायला नको तिथे जुळताहेत.

३१ मार्च, गुरुवार

तीनदा केलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या रीतीने केलं. उत्तर तेच.

अल्मुटा नवी नाहीच. १९११ साली ती सापडली होती. उत्तरेकडच्या एका वेधशाळेत चार आठवडे दिसली, नंबर मिळाला, नाव मिळालं, आणि मग हरवली. तेव्हा तिची कक्षा घाईत काढली होती, ती चुकली, पुढच्या वर्षी सांगितलेल्या जागी कोणाला सापडली नाही. आमच्या यादीत अशा हरवलेल्यांचं वेगळं पान आहे. ही त्या पानावर चौथी. नाव — फेना.

नियम सरळ आहे. ग्रह एक तर नाव एक. आधीचं राहतं, नंतरचं खोडतात. फेना राहणार. अल्मुटा जाणार. चोवीस दिवस होते मी आकाशात.

आणि खरी गंमत पुढेच आहे. मोठी वही काढून फेनाचं पान पाहिलं. शोधणारा — टामो क्रोगमन. नावाचा अर्थ — दिलेला नाही.

म्हणजे हे पहिलं नाव नव्हतंच! त्याने याआधी एक बाई आकाशात नेऊन ठेवली होती. आणि हरवली होती. आणि आता त्याच जागेवर, नकळत, मला बसवलं. कोण ही फेना?

२ एप्रिल, शनिवार

विचारलं. दुपारच्या चहाला, अगदी सहज आवाजात. “काय हो डॉक्टर क्रोगमन, ती हरवलेल्यांच्या पानावरची फेना — हे नाव कसलं?”

त्याने चमचा उचलला आणि चहा ढवळला. टामोने चहा ढवळला!

“आमच्याकडचं नाव आहे,” म्हणाला. बस्स. उठून गेला.

मला राग आला. खोटं कशाला लिहू, जळफळाट झाला. खोलीत येऊन गणिताचे ते चौदा कागद एकावर एक ठेवले आणि शेगडीकडे बघत बसले. चौदाच कागद. जाळले की संपलं. दुसरं कोणी हे गणित करायला जाणार नाही, निदान वीस वर्षं तरी नाही. फेना हरवलेली आहे, हरवलेली राहील. मी राहीन!

जाळले नाहीत. गणित बरोबर होतं ना. बरोबर आलेलं गणित जाळायला माझा हात उठत नाही. चूक असतं तर दहादा जाळलं असतं.

५ एप्रिल, मंगळवार

आज प्रोफेसरांना गाठलं. ते फ्लोकच्या जागी आलेल्या नव्या कुत्र्याला सॉसेज भरवत होते. मी सरळच विचारलं, फेना कोण?

“क्रोगमनची बायको,” म्हणाले. “तुम्हाला माहीत नाही?”

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

“सहा वर्षांचा संसार. अठरा सालच्या तापात गेली. तो आघाडीवरून घरी पोचला त्याच्या दोन दिवस आधी. इथे आला तेव्हा अर्धा मेलेला होता. पहिली तीन वर्षं दर शरदात तो तिचाच ग्रह शोधायचा. मी शेवटी ओरडलो, अहो, फोटोच्या काचा फुकट जाताहेत! तेव्हा थांबला. निदान मला तरी तसं सांगितलं.”

मग मी चौदा कागद पुढे ठेवले. त्यांनी चष्मा बदलला. पाऊण तास वाचत होते. कुत्र्याने उरलेलं सॉसेज टेबलावरून पळवलं, कळलंसुद्धा नाही.

“फ्राउलाइन वाइडलिष,” ते म्हणाले, “हे मी माझ्या नावावर छापलं असतं तर अभिमानाने मिरवलं असतं. पण तुम्ही स्वतःला खोडताय, कळतंय ना?”

“कळतंय.”

“क्रोगमनला सांगितलंत?”

“नाही. दोन मेला त्याचा वाढदिवस आहे. तोवर बर्लिनचं उत्तर येईल. तेच त्याच्या हातात ठेवणार.”

“मी तर म्हणतो, आधी विचारा त्याला.”

“भेट काय विचारून देतात, प्रोफेसर?”

त्यांनी दौत पुढे ओढली. मग सही केली.

घरी येताना ट्राममध्ये रडले. शनिवारी मी एका मेलेल्या बाईवर जळत होते. लाज वाटली. पण आता मोकळं वाटतंय. सोळा वर्षं हरवलेली त्याची बायको मी त्याला शोधून देणार! अंगठ्या काय, कोणीही देतं.

६ एप्रिल

टाकलं. मीच, स्वतःच्या हाताने, स्टेशनजवळच्या टपालपेटीत.

१० एप्रिल, रविवार

आईला सांगितलं. चूक केली.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मिळालेला ग्रह परत केलास?”

“परत नाही केला. तो माझा नव्हताच.”

“त्याने दिला, तू घेतलास, तुझा झाला! एवढी साधी गोष्ट. मी गावभर सांगितलं! आता काय, एकेकीचा हात पुन्हा धरून सांगू की नाही म्हणून?”

“त्याच्या बायकोचा आहे, आई.”

“बायको गेली. ती नऊ वर्षं निवांत आहे. तू कशाला उठवलीस तिला?” मग सुईत दोरा ओवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. “पुरुष माणसाला काय हवंय ते त्याला विचारायचं असतं गं. मोजायचं नसतं.”

आईला गणित कळत नाही, आणि टामो तर त्याहून कळत नाही. त्याच्या चौदा ग्रहांत त्याने एकाचंही नाव ठेवलं नाही. का? कारण पहिलं हरवलं. हे ज्याला कळेल त्याला माझं वागणंही कळेल.

१७ एप्रिल, ईस्टर

टामो आला. नवा कोट! आईने कोकराच्या साच्यातला केक केला होता. एक कान तुटला तो तिने मुकाट्याने स्वतः खाल्ला.

जेवणानंतर आई मुद्दाम शेजारी गेली. जाताना दार जरा जास्तच जोरात लावलं. टामो उठून उभा राहिला. पुन्हा बसला. म्हणाला, “फ्राउलाइन वाइडलिष — अल्मुट — टेकडीच्या खालच्या बाजूला एक घर रिकामं होतंय. बाग आहे. मला असं विचारायचं होतं की —”

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला! “आज नाही. दोन तारखेला. आधी माझ्याकडून एक भेट घ्या, मग काय ते विचारा.”

“भेट नको मला,” म्हणाला. “आधी विचारू द्या.”

“पंधरा दिवस! इतकी वर्षं गप्प बसलात, अजून पंधरा दिवस काय जड आहेत?”

किती कानकोंडा झाला होता बिचारा. पण ते मला हवं आहे तसंच व्हायला हवं. त्याने मला विचारावं ते मन मोकळं करून. फेना सापडलेली असताना. मागे काही न ठेवता. मग माझं उत्तर तयार आहे. ते तर मार्चपासूनच तयार आहे.

२९ एप्रिल, शुक्रवार

बर्लिनचं कार्ड आलं! “फ्राउलाइन वाइडलिष यांचं गणित तपासलं, निःसंशय बरोबर. ग्रह तोच. पहिलं नाव, फेना, कायम. दुसरं नाव रद्द. मोकळा झालेला नंबर दुसऱ्या ग्रहाला देत आहोत.” खाली हाताने लिहिलं होतं — अभिनंदन, असं काम क्वचित दिसतं.

क्वचित! टामोला दाखवून झालं की ते माफीच्या कार्डाच्या शेजारी लागेल.

२ मे, सोमवार

दिलं.

दुपारी, दुर्बिणीच्या घुमटाखाली. केक होता, प्रोफेसर होते, कुत्रा होता. कार्डाला मी निळी फीत बांधली होती. टामोने फीत सोडली, ती नीट गुंडाळून खिशात ठेवली, आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं. मला वाटलं चष्मा लागतोय, पण तसं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आवाज नाही, काही नाही.

“हे कधी पाठवलंत?”

“सहा एप्रिलला. सगळं मीच केलं. गुरूच्या ओढीसकट!”

“ईस्टरच्या आधी,” तो म्हणाला. मग कार्ड टेबलावर ठेवून — “गणित चोख आहे. कुठेही चूक नाही.”

“तुमची फेना सापडली,” मी म्हटलं.

“हो,” म्हणाला. “सापडली.” आणि वाकून माझ्याशी हस्तांदोलन केलं, मंत्र्याशी करावं तसं. प्रोफेसर कुत्र्याला घेऊन बाहेर निघून गेले.

नऊ वर्षांचं रडणं होतं ते. एका दिवसात थोडंच सरणार? घराचं आज विचारलं नाही. विचारेल.

५ मे

विचारलं नाही.

९ मे, सोमवार

टामो पंधरा दिवसांच्या सुट्टीवर उत्तरेला गेला. फेनाची कबर तिकडे आहे. “जा की!” मी म्हटलं. “सापडल्याचं तिला सांगायला नको का?” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता बोलणार. पण ट्राम आली.

आई म्हणते, ते टेकडीखालचं घर एका पशुवैद्याने घेतलं. घेऊ दे. आमच्या लिंडेनाख गावात घरांना तोटा नाही.

२४ मे, मंगळवार

तो परत येणार नाही.

प्रोफेसरांना पत्र आलं. तिकडच्या एका बंदरात जहाजांची घड्याळं जुळवून देण्याचं काम त्याने घेतलंय. ग्रह नाहीत, काचा नाहीत, फक्त घड्याळं. प्रोफेसरांनी पत्र वाचून दाखवलं आणि मग मलाच विचारलं, “काय झालं असं?” मला काय माहीत! त्याच पाकिटात माझ्या नावाची एक चिठ्ठी होती. दोन ओळी. “तुम्ही फार मोठ्या मनाने वागलात. त्या मनासमोर उभं राहायला मला तोंड नाही.”

तोंड नाही? त्याला? त्याने काय केलंय?

दिवसभर तेच तेच उलटसुलट करते आहे आणि कुठेच बसत नाही. मी सहा वर्षांत आकड्यांत चुकले नाही. माणसांत चुकले असेन तर कुठे चुकले ते तरी कळावं. त्याचंच हरवलेलं त्याला दिलं. स्वतःचं खोडून दिलं. याहून जास्त कोणी कोणाला काय देतं? आईने संध्याकाळी न विचारता माझ्यापुढे सूप ठेवलं. त्याने जास्त रडू आलं.

२६ मे, गुरुवार

ऑक्टोबरात ज्या फोटोच्या काचेवर ग्रह सापडला, तिच्या पाकिटावरचं नाव बदलायचं होतं. अल्मुटा खोडून फेना लिहायचं. ते काम माझ्याकडेच आलं.

पाकिटात काचेमागे सात कागद घडी करून ठेवले होते. टामोचं अक्षर. पूर्ण गणित, थेट १९११ पर्यंत, गुरूच्या ओढीसकट. माझ्याहून नेटकं. शेवटच्या ओळीत लिहिलंय — ही फेना आहे.

खाली तारीख आहे, ४ मार्च. सात तारखेपर्यंतचे तीन दिवस तो विचार करत होता. आणि मग त्याने माझं नाव दिलं.